शनिवारची खिचडी

आमच्या घरी उपासाच्या दिवशी चूल जेवढी पेटायची तेवढी सणालाही पेटत नसे. हसू नका, तुमच्याही घरी तसंच असेल, फक्त तुम्ही कधी लक्ष दिलं नसेल. माय सोमवार धरायची, गुरुवार धरायची, आणि देऊळगाव राजात राहून शनिवार चुकवायचा म्हणजे तर गावच्या बालाजीशी उघड भांडण. शिवाय एकादशा, चतुर्थ्या, श्रावण, नवरात्र होतंच. इतर दिवशी ती ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी आणि वर कच्चा कांदा एवढ्यावर भागवायची. उपास आला की मात्र कढईभर खिचडी व्हायची.

मी अगदी लहान असताना असं नव्हतं. तेव्हा उपास म्हणजे भगर आणि दाण्याची आमटी, फार तर एखादी काकडी. भगर निवडायला माय दुपारभर सूप घेऊन बसायची आणि तिचे डोळे दुखून यायचे. मग महाराष्ट्र झाला. आम्ही पोरं आधी कोणत्या राज्यात होतो अन् आता कोणत्या, हे मोठ्यांना कळत होतं, आम्हाला नाही. आम्हाला एवढंच कळलं की बाजारात एक नवं किराणा दुकान निघालं आणि त्यात पोत्यानं साबुदाणा आला. पांढराशुभ्र, एकसारखा, खडा नाही की काडी नाही. रात्री भिजवा, सकाळी परता, झालं. घरचं लोणी कढवून तूप करायचंही मागं पडलं, कारण त्याच दुकानात वनस्पती तुपाचा डबा मिळायला लागला. सगळ्या गल्लीला वाटलं, चला, बायकांचे कष्ट वाचले. आणि वाचलेही, खोटं कशाला बोलू?

माझ्या मायचं माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. ती 'मले', 'तुले' बोलायची आणि देऊळगावच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आमचं गाव जालन्याच्या अंगाला, आमची बोली निराळी. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ती गल्लीत 'ती वऱ्हाडातली' होती. खिचडीनं तिला मान मिळवून दिला. तिच्या हातचा साबुदाणा दाणा न् दाणा मोकळा व्हायचा. बायका वाटी घेऊन यायच्या, "वहिनी, पाणी किती घातलं हो?" म्हणून विचारायच्या. माय सांगायची, पण खरं माप कधी सांगायची नाही. मला फार मजा वाटायची.

मी मॅट्रिक झाले त्या सुमाराला माय वाळायला लागली. चोळ्या सैल झाल्या. सारखी तहान, घागरी रिकाम्या व्हायच्या. पायाला एक फोड आला तो महिना उलटला तरी बरा होईना. आणि मोरीत मुंग्या. हळद टाकली, राख टाकली, मुंग्या हटेनात. शेजारच्या एका म्हातारीनं ते पाहिलं आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हिला जालन्याला न्या.

बाबांचं एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते मंगळवारी बंद असायचं, म्हणून मंगळवारी आम्ही जालन्याला गेलो. डॉक्टर मध्यमवयीन, अर्ध्या बाह्यांचा सदरा, बोलणं चटचट. त्यांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात मायच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि मग विटेसारखं लाल.  डॉक्टर म्हणाले, मधुमेह आहे. साखर बंद, गूळ बंद, भात बंद. रोज ही गोळी. आणि खाणं जरा कमी करा.

आता माझ्या मायनं काय करावं? तिनं घरी येऊन देवापुढे हात जोडले आणि मंगळवार अन् शुक्रवारही धरला.

"डॉक्टर म्हणते कमी खा," ती म्हणाली, "अन् देवालेही तेच पाहिजे. मंग बरं झालं ना!"

बाबा खूश, मी खूश. आमच्या डोक्यात एक क्षणही आलं नाही की यात काही चुकतंय. तिनं साखर खरोखर सोडली होती. चहा बिनसाखरेचा, गुळाचा खडा नाही, लग्नातली बुंदीसुद्धा पदराला बांधून आणून माझ्या धाकट्या बहिणीला द्यायची. जिभेवर तिचा असा ताबा होता की मला रागच यायचा. मात्र मंगळवारचा उपास फार टिकला नाही. त्या दिवशी जालन्याला जायचं असायचं आणि एसटीत रिकाम्या पोटी तिला मळमळायचं, म्हणून तो तिनं सोडून दिला. मंगळवारी ती भाकरी खायची, गोळी घ्यायची आणि आम्ही जायचो. नळीतलं पाणी हिरवट राहायचं. डॉक्टर म्हणायचे, "छान चाललंय."

आणि घरी मात्र काही छान चाललं नव्हतं.

सुरुवात बारीकसारीक गोष्टींपासून झाली. पिठाच्या डब्यात मीठ ओतलं. दूध चुलीवर ठेवून दारात जाऊन बसली आणि जळका वास गल्लीभर गेला तरी हलली नाही. कधी एकदम चिडायची, धाकटीच्या पाठीत धपाटा घालायची. धाकटी आठ-नऊ वर्षांची, मायच्या पदराला चिकटून असणारी. आणि मग माय गुंगल्यासारखी भिंतीला टेकून बसायची, डोळे उघडे पण त्यात कोणी नाही. संध्याकाळनंतर हळूहळू जागेवर यायची. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणायची, "असं झालं? मले आठवतच नाही."

हे शनिवारी व्हायचं. सोमवारी व्हायचं. गुरुवारी, शुक्रवारी व्हायचं. रविवार, मंगळवार, बुधवार माय आमची माय असायची, हसायची, उखाळ्यापाखाळ्या काढायची.

गल्लीच्या नजरेतून हे काय सुटणार? बायका ओट्यावर जमल्या आणि त्यांनी हिशेब लावला. देवाचेच वार! बालाजीच्या वारी, महादेवाच्या वारी, दत्ताच्या वारी, देवीच्या वारी! हे काही साध्या आजाराचं लक्षण नाही, साखरेचा अन् डोक्याचा काय संबंध? मग निम्म्या बायका म्हणायला लागल्या की हिच्या अंगात देवी येते, आणि शुक्रवारी दुपारी नारळ घेऊन पाया पडायला यायच्या. उरलेल्या म्हणायच्या की बाहेरचं काही लागलंय, आणि आपली पोरं आत ओढून दार लावून घ्यायच्या. एकाच दुपारी, एकाच ओट्यावर! मी एकीचा नारळ तिच्याच पिशवीत परत टाकला आणि दुसरीच्या बंद दारावर जाऊन, तिच्या पोराचं नाक आधी पूस, म्हणून ओरडून आले. बाबांनी मला खूप झापलं. मला त्याचं काही वाटलं नाही. रडू मात्र खूप आलं होतं.

मग तो शनिवार आला. माय दर्शनाला गेली आणि परत आलीच नाही. बाबा दुकान टाकून धावले, मी धावले. शेवटी एक बांगड्या विकणारी बाई तिला हाताला धरून घेऊन आली. माय स्टँडवर, भलत्याच गाडीत बसली होती. कंडक्टरनं विचारलं तर म्हणाली, संग्रामपूरले चालली, बापाले भेटाले. माझे आजोबा मी जन्मायच्या आधी गेले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामा आला. मायचा धाकटा भाऊ, उंच, शेतात राबून काळा पडलेला, बोलायला मुळातच कमी, मायला 'बाई' म्हणायचा. संध्याकाळी बाबा दुकानातून आल्यावर त्यानं सांगितलं, "मी बाईले घेऊन जातो. रविवारी निघतो."

कुठे, ते मी इथं लिहीत नाही. डोकं फिरलेल्यांना लोक जिथं नेऊन ठेवतात अशी एक जागा होती. माणूस तिथं महिना-महिना राहायचा. कोणी बरं होऊन यायचं, कोणी तिथलंच होऊन जायचं. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. नाही म्हणाले नाहीत, हेच मला सहन होईना.

"माझी माय पागल नाही!" मी ओरडले. "तुला बहीण जड झाली का, मामा? वर्षातून एकदा भाऊबीजेला तोंड दाखवतो अन् आता न्यायला आला? लाज नाही वाटत?"

 मामा पायांवरची धूळ झटकत बसून राहिला. माय चुलीपुढे होती, तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या रात्रीपासून मला एकच भीती होती. माय गेली तर ती परत येणार नाही. ती तिथं बसून राहील, डोळे उघडे ठेवून, आणि दर शनिवारी आपल्या बापाला शोधत राहील. मी बाबांच्या मागंच लागले. न्यायच्या आधी एकदा डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, मंगळवारीच तर दाखवलं. मी म्हटलं, मंगळवारी ती चांगली असते, वाईट दिवशी दाखवा. रविवारी निघायचं होतं, मधे फक्त शनिवार उरला होता. बाबा कुरकुरले, उपासाच्या दिवशी तिला एसटीत कुठं बसवायचं? तेव्हा मामाच म्हणाला, "दाजी, पोरगी म्हणते तर दाखवून आणू." मला त्याच्या तोंडची मदतही नको होती. पण गेलो.

शनिवारी सकाळी मायनं अंघोळ केली, पूजा केली, खिचडी परतली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली, छान झाली होती. मग जालन्याची गाडी. अर्ध्या वाटेवरच तिची मान खिडकीला टेकली. पाणी, पाणी, एवढंच म्हणत राहिली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे पाय ओढल्यासारखे पडत होते आणि मामानं तिला जवळजवळ उचलून आत नेलं.

डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. हिरवं थांबलंच नाही. पिवळं झालं आणि लगेच लाल, पहिल्या दिवसापेक्षाही गडद.

"हे काय?" डॉक्टर चिडले. "गोळ्या बंद केल्या? जिलब्या खाल्ल्या का?"

त्यांनी चिडायला आणि माझं डोकं फिरायला एकच गाठ पडली. "देवाची शपथ, साखरेचा कण नाही तिच्या पोटात!" मी म्हटलं. "आज तर तिनं काहीच खाल्लेलं नाही. शनिवार आहे. उपास आहे तिला!"

"उपास? सकाळपासून काहीच नाही?"

"काहीच नाही. नुसती खिचडी."

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "साबुदाण्याची?"

"मग काय तांदळाची? उपासाला?"

"किती?"

बाबांनी ओंजळ दाखवली, मग ती जरा मोठी केली. डॉक्टर म्हणाले, आणखी काय? मी सांगितलं, निघताना दोन केळी. कालच्या शुक्रवारी उकडलेलं रताळं आणि बटाट्याचा कीस. पण साखर अजिबात नाही हो.

"आणि गोळी?"

आता माय बोलली. डोळे मिटलेले, आवाज लांबून आल्यासारखा, पण बोलली. "उपासाले गोळी कशी चालन, डॉक्टरसाहेब? बाटून जाते ना उपास. कशाची बनवते कोणाले मालूम."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. अक्षरशः. मग आधी तिला सुई टोचली, पाणी पाजायला लावलं, आतल्या बाकावर निजवलं, आणि मग बाहेर येऊन आमच्या समोर स्टुलावर बसले.

"तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं. मी दर वेळी विचारायचो, उपास करता का, आणि तुम्ही म्हणायचात, हो. मला वाटायचं त्या दिवशी पोटाला आराम. माझ्याही घरी आज खिचडीच आहे! आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही की उपास म्हणजे जेवण नाही, पण खाणं आहेच."

मग त्यांनी साबुदाणा म्हणजे काय ते सांगितलं. मला तोवर वाटायचं की ज्वारीसारखं त्याचंही कुठंतरी कणीस असतं. मामाला तेच वाटायचं, आणि तो तर शेतकरी! डॉक्टर म्हणाले, एक कंद असतो. तो किसतात, धुतात, पिळतात, चोथा फेकून देतात. राहतं ते नुसतं पिठूळ सत्त्व. त्याचे कारखान्यात मणी करतात. चोथा गेला, साल गेली, पोटाला दमानं पचवायला काही उरतच नाही. पोटात पडलं की भराभर साखर होऊन रक्तात. भाकरीशी पोट तासन्‌तास झगडतं, याच्याशी झगडावं लागत नाही. वरून केळं, बटाटा, आणि गोळी नाही. "रक्तात साखर इतकी चढली आणि अंगातलं पाणी गेलं की मेंदू गोंधळतो. माणूस सुस्त होतो, चिडतो, भलतंच बोलतो. मंगळवारी तुम्ही तिला भाकरी आणि गोळी देऊन आणायचात, म्हणून मला ती नेहमी चांगलीच दिसायची."

"म्हणजे बाईच्या अंगात देव नाही?" मामानं विचारलं.

"नाही हो. साखर आहे."

 ओट्यावरच्या बायकांनी वार मोजले होते, आम्हीही मोजले होते, पण त्या वारांना घरात काय शिजतं ते कोणीच पाहिलं नव्हतं. देवाचे वार म्हटल्यावर आम्ही देवाकडेच बघत बसलो, कढईकडे कोण बघतो? मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी मूर्खासारखी दोन्ही करत राहिले.

दिवेलागणीला माय उठून बसली. पदर सारखा केला, केस सारखे केले, आणि डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे मी पागल नाही?"

"नाही, बाई. तुम्ही आजारी आहात. आजार जन्माचा आहे, जाणार नाही, पण सांभाळला तर सोबत नांदेल. डोकं तुमचं शाबूत आहे."

जन्माचा आजार ऐकून माणसं रडतात. माझी माय हसली. तोंडावर पदर घेऊन हसली, खांदे हलेपर्यंत. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, बघ, आता लाज वाटतेय. मला बरं वाटलं.

रविवारी कोणी कुठं गेलं नाही. मामा एकटाच संग्रामपूरकडे निघाला आणि मी त्याच्या पायाही पडले नाही.

पुढं सगळं सोपं झालं असं समजू नका. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर उपास बंद. माय म्हणाली, बालाजीचा शनिवार सोडणार नाही, मेली तरी. सोमवार सोडला, गुरुवार-शुक्रवार सोडला, शनिवारवर अडून बसली. बाबांनी समजावलं, मी भांडले. भांडायला मी होतेच. शेवटी तिनंच मार्ग काढला. परत भगर आणली, पण मूठभरच. तिच्याबरोबर दाण्याची आमटी, वाटीभर ताक, काकडी, राजगिऱ्याच्या पानांची भाजी. हे पूर्वीचंच ताट, ती म्हणाली, माही माय हेच खाये. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, चालेल, पण नळी दाखवायला आता शनिवारीच या.

राहिली गोळी. शनिवारी सकाळी मी श्वास रोखून बसले होते. मायनं पूजा केली. गोळी कागदातून काढली, देवापुढे ठेवली, तिच्यावर तुळशीचं पान वाहिलं, हात जोडले. मग तीर्थाबरोबर ती गिळून टाकली.

"आता ते औषध नाही," मला म्हणाली. "आता तो परसाद आहे. परसादानं उपास मोडते का?"

मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, सोड, सोवळ्यात आहे.

त्या शनिवारी नळीतलं पाणी पिवळ्यावर थांबलं. पुढच्या शनिवारी हिरवट. दुपारची ती भिंतीला टेकून बसेनाशी झाली. पायाचा फोड भरत आला. महिन्याभरानं ती एकटी बालाजीला गेली आणि मी दारात उभी राहून वाट पाहत होते. ती आली ती कोथिंबिरीची जुडी घेऊन, भाजीवालीनं कसं फसवायला पाहिलं ते सांगतच. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा मॅट्रिकच्या निकालालाही झाला नव्हता.

गल्लीला खिचडी मिळेनाशी झाली. बायका नाराज झाल्या. "एवढी चांगली खिचडी करायच्या, अन् आता ही गरिबाची भगर?" माय आधी ओशाळायची. तो मान तिनं मोठ्या कष्टानं मिळवला होता, मला ठाऊक आहे. पण एक दिवस तिनं त्याच ओट्यावर बसून सगळं सांगून टाकलं, कंद, चोथा, मणी, सगळं, डॉक्टरांसारखे हात करून. मोरीतल्या मुंग्या लघवीतल्या साखरेला लागतात, हेही सांगितलं. बायका हसल्या. मग एकजण हसायची थांबली आणि हळूच म्हणाली, आमच्या मोरीत पण असतात हो. पुढच्या शनिवारी जालन्याच्या गाडीत मायच्या शेजारी ती बसली होती. जिनं दार लावून घेतलं होतं, तीच.

मी मात्र मामाला सोडलं नव्हतं. त्याचा विषय निघाला की माझी जीभ सुटायची. एका रविवारी माय माझी वेणी घालत होती. मी तिच्या पुढ्यात पाठ करून बसले होते आणि नेहमीसारखी बोलत होते, तुझा भाऊ असा, तुझा भाऊ तसा, जिवंत बहिणीला टाकून यायला निघाला होता.

तिचा हात थांबला.

"त्याले काऊन बोलतं वं?" ती म्हणाली. "त्याले मीच बोलावलं होतं."

मी वळायला गेले तर तिनं डोकं धरून पुन्हा सरळ केलं.

"शेजारच्या पोराले सांगून निरोप धाडला. म्हटलं, मले घेऊन जा. दाजीले सांगू नको, मी सांगितलं म्हणून. तो नाही म्हणे. लई रडला. मी त्याले आपल्या बापाची आण घातली."

"पण का, माय?"

तिनं कंगवा पुन्हा केसांतून फिरवला. मग म्हणाली, "एक शनिवारी तू मले पाणी आणून दिलं. मी तुले विचारलं, पोरी, तू कोणाची वं? तू हसली. म्हटली, तुझीच की."

मला आठवलं. मी हसले होते, खरंच. मला वाटलं होतं, आज माय मजेत आहे.

"मी गंमत नव्हती करून राह्यली," माय म्हणाली. "मले खरंच समजे नाही. कोणाची तरी चांगली पोरगी आहे, एवढंच समजे. संध्याकाळी ध्यानात आलं तं माह्या अंगाचं पाणी पाणी झालं. म्हटलं, पोटच्या पोरीले वळखत नाही अशी बाई घरात कशाले? लहानीले काही करून बसली तर? त्यापरीस गेलेली बरी."

 त्या दिवशी मामा तिथं बसून माझ्या शिव्या खात होता, आणि ही चुलीपुढे पाठ करून ऐकत होती, आणि दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

"आता?" मी कसंबसं विचारलं. "आता वळखती का मला?"

"हाव," माय म्हणाली. "चांगली वळखतो. थोरली आहे माही, तोंडाची फाटकी." तिनं माझी हनुवटी धरून डोकं पुन्हा सरळ केलं. "रडून राह्यली काय? रड. पण मान हलवू नको वं, भांग वाकडा जाते."